हळदीचे चेंडू, कुंकवाचे चेंडू

कंधार
२६ ऑक्टोबर, बेस्तवार

दादा,

रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई. तुझ्या भाच्याला, शिवांशला, दात यायलेत, तो रडला, पण झोप त्याच्यापायी गेली न्हाई. म्या तुझं ऐकलं न्हाई, त्याच्यापायी गेली.

दसऱ्याला अण्णासंगं भांडून तू रामकिशनच्या गाडीवर बसलास, तवा मला म्हणलास, "साक्षे, दोन पिशव्या गाडीवर मावत न्हाईत. गोल्फच्या पातळ चमकायल्या काठ्यांची पिशवी एस.टी.त टाकून मला लातूरला धाड. जाड्या काठ्यांची नांदेडला डॉक्टरसायबाला वापस दे, त्यांनी दोन्हीतली एकच ठेव म्हणलंय." म्या मुंडी हलवली. हाव म्हणले.

अन् उलटं केलं.

काल शिवांशला काखेत घेतलं, पातळ काठ्यांची पिशवी खांद्याला लावली अन् नांदेडला गेले. लेकराला घेऊन एकली कधी गेले न्हाई मी. गाडीत बाया इचारायच्या, ह्या पिशवीत काय हाय बाई, तंबू हाय का? डॉक्टरसायब पिशवी बघून म्हणले, "अरे, अमरेश तर ह्याच ठेवणार म्हणत होता?" म्या म्हणले, त्याचं मन बदललं. डॉक्टरसायबाला खोटं बोलले. मानूस भला, चहा पाजला, शिवांशला बिस्किट दिलं. वर मला म्हणले की ही पिशवी आता पुतण्याला देतो, तो उद्याच हैदराबादला न्यायलाय.

म्हणजे आज ती गेली. आता वापस घ्यायची सोय न्हाई.

ह्या कागदासंगं जी पिशवी आली ती जाड्या काठ्यांची हाय. त्याच, पाठीला खळगा अन् बुडाला रुंद. आनंदराजभाऊ कंडक्टरच्या हाती मी देऊलाले. म्या त्याला म्हणले, भाऊ, लेकरासारखी ने, आपटू नको.

का केलं ते सांगितलं तर तू हसशील. म्हणून सांगत न्हाई. शिव्या दे, पण बोलणं बंद करू नको. अण्णा त्या दिसापासून कुनासंगं नीट बोलत न्हाई, आई चुलीपुढं डोळे पुसती. तू बी अबोला धरलास तर मी कुनाकडं बघू?

तुझा फोन बंद लागायलाय.

तुझी
साक्षी

*

लातूर
२८ ऑक्टोबर

साक्षे,

पिशवी मिळाली. समद्यासमोर उघडली अन् इज्जत गेली.

मी आल्यापासून सांगून राहिलो व्हतो की माझ्या पातळ काठ्या यायल्यात म्हणून. इथले वकीलसायब हायेत, माझ्याच गटात खेळतेत, त्यांनी जाड काठी उचलून हातात तोलली अन् म्हणले, "अमरेश, हे काय, आईचा वरवंटा आणलास का? चटणी वाटतोस आता?" रामकिशन बी हसला. माझाच दोस्त, अन् तो बी हसला.

हे तुझं डोकं न्हाई साक्षे. मला ठावं हाय कुनाचं हाय. अण्णानं सांगितलं तुला. पोरगा हरला की गपगुमान घरी येतो, नांगर धरतो, हे अण्णाला पायजे. अन् तू लहानपणापासून अण्णाला भ्यायलीस. त्यानं डोळे वटारले की तुझं पाणी होतंय.

आता काय नुकसान केलंस ते नीट ऐक, म्हणजे कळंल. ४ अन् ५ तारखेला इथं स्पर्धा हाय. माझा हँडीकॅप सोळा हाय. म्हणजे पक्क्या खेळाडूला जेवढे फटके लागतेत त्याच्याहून मला सोळा जास्ती. आकडा जितका कमी तितका मानूस भारी. आमी मधले. ना शिकाऊ, ना उस्ताद. आमच्या मधल्यांचा एक गट हाय, त्याच्यात आमा पिशव्या वाहणाऱ्या कॅडी लोकाला बी खेळू देतेत. सात वर्सं झाली मला, दुसऱ्याच्या पिशव्या वाहून. आता इथले मोठे सायब म्हणले, ग्राउंडवर बारक्या लेकरांना शिकवायला मानूस ठेवायचाय, कायमचा, राहायला खोली बी. कॅडीतला जो कोनी ह्या गटात पयला येईल त्याला ती जागा.

आन् अण्णानं काय म्हणलं ते तू ऐकलंस. "दिवाळीच्या पाडव्याला खेळ सोडून घरी आलास तर माझा पोरगा. न्हाई आलास तर ह्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको." म्हणजे माझ्याकडं एकच डाव हाय. जिंकलो तर अण्णासमोर ताठ उभा राहून काहीतरी बोलता येईल. हरलो तर काय बोलू?

पातळ काठ्या हातात घेऊन उभं राहिलं की मानूस खेळाडू दिसतो. टीव्हीवरचे समदे त्याच घेतेत.

फोन लावू नको. सीम बदललंय. नवा नंबर तुला देत न्हाई. अण्णा तुझ्या हातातून मोबाईल घेतील अन् मला रोज सकाळी शिव्या ऐकाव्या लागतील. इथं ग्राउंडवर शिवमूर्तीमामाकडं नंबर हाय, तेवढा बास. लिवायचं असलं तर गेटवर शिवमूर्तीमामाच्या नावानं धाड. न्हाई लिवलंस तरी चालतंय.

अमरेश

*

कंधार
३० ऑक्टोबर

दादा,

अण्णानं सांगितलं म्हणतोस. अण्णाला ह्यातलं काहीच ठावं न्हाई. लई राग आला तुझा. रागानं मला भ्या वाटायचंच बंद झालं, म्हणून आता समदं लिवते. हसायचं तर हस.

खंडेनवमीच्या दिशी काय झालं ते आठीव. अण्णानं तिफण, विळे, कुऱ्हाडी, कुदळ धुवून वट्ट्यावर मांडली. तू म्हणलास, माझी बी हत्यारंच हायेत, ह्यांची बी पूजा करा. अण्णानं तोंड फिरवलं. आई म्हणली, ठेव बाबा, ठेव. अन् मला बोटं ओली करून काठ्यांच्या तोंडाला कुंकू लावाय सांगितलं. पयली पिशवी पातळ्यांची व्हती. म्या हात सैल सोडून लावलं, चांगलं जाड. अन् दुसरीला हात घातला तर करंडा रिकामा. आई म्हणली, राहू दे, त्याला हळद लाव, देवाला समदं चालतंय. म्हणून जाड्यांना हळद लागली.

पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं. अण्णा त्या दिशी साधी विळी बी उचलत न्हाईत, भाजी चिरायची तर आई हातानं तोडती. अन् तू? तू त्याच दुपारी समदे देवीच्या देवळात गेले तवा दोन्हीतली एक एक सात नंबरची काठी काढलीस अन् सोयाबीन काढलेल्या रानात जाऊन चेंडू हाणलेस. मला ठावं हाय, कारण नंतर येचाय मलाच लावलंस. "साक्षे, अण्णा यायच्या आत येच गं माय." म्या लेकरू काखेत घेऊन, धसकटं पायाला टोचून घेत, समदे चेंडू येचले.

तवा म्या बघितलं.

काही चेंडू लाल डागाचे, काही पिवळ्या डागाचे. लाल म्हणजे पातळ्या काठीनं मारलेले, पिवळे म्हणजे जाड्या. तू दोन्ही एकाच जागी उभं राहून मारलेस, तुझे पाय उमटले व्हते. पिवळे येचाय मला हिंडावंच लागलं न्हाई. खुडूक कोंबडीखाली अंडी असतेत तसे जवळजवळ. बसले अन् ओटी भरली. अन् लाल? एक बांधावर. एक बाभळीखाली काट्यात, त्याचं बोचलेलं अजून दुखतंय. दोन तुरीत. एक मातर सापडलाच न्हाई.

तो कुठं गेला ते दसऱ्याला कळलं. शेजारचे शरणप्पाकाका चेंडू मुठीत धरून अण्णाला हाका मारत आले, आठीवतंय का?

"सटवाजी! बाहेर ये! माझ्या म्हशीला दगड कोन हाणला? बघ, बघ, रगत लागलंय ह्याला!"

आईनं चेंडू हातात घेतला, वास घेतला. "रगत न्हाई वो भाऊ. कुंकू हाय. माझ्याच घरचं."

"कुंकू? म्हशीला कुंकू लावाय असं लांबून फेकतेत व्हय तुमच्यात? काल सांजेपासून दूध चोरलीय ती!"

अन् तिथून अण्णा भडकले. नवमीला हत्यार उचललं, पूजेचा मान ठेवला न्हाई, शेजाऱ्याचं जनावर मारलं, हा खेळच घरातून काढून टाकतो. तू बी उलटून बोललास. पुढचं तुला ठावं हाय.

पण दादा, म्हशीला लागला तो चेंडू लालच व्हता का न्हाई? तोच, पातळ्या काठीचा.

अजून एक बघितलं. पुसाय काठ्या घेतल्या तर पातळ्या काठीच्या तोंडावरलं कुंकू कुठं कुठं निघालेलं. टोकाला, बुडाला, काठाला. जाड्यावरली हळद बी तशीच कुठं कुठं निघालेली. म्हणजे तुझा हात दोन्हीवर सारखाच चुकत व्हता. मधोमध लई कमी लागलं. पण जाडी काठी तुझी चूक सांभाळून घेऊलाली अन् पातळी न्हाई. एवढंच हाय. मला गोल्फ कळत न्हाई, सातवीत शाळा सोडली म्या. पण एका हातानं लेकरू अन् एका हातानं तवा धरणाऱ्या बाईला एवढं कळतंय की कुठलं भांडं हात हालला तरी सांडत न्हाई.

टीव्हीवरचे पातळ्या घेतेत. त्यांचा आकडा किती? तुझा सोळा.

माझं ऐकू नको. अण्णाचं बी ऐकू नको. ह्या कागदात दोन पुड्या घातल्यात, एक हळदीची, एक कुंकवाची. कुनाची तरी पातळी काठी माग, लाव अन् मार. जे दिसंल ते दिसंल. लाल जवळ पडले तर मी पाया पडून माफी मागते अन् डॉक्टरसायबाच्या पुतण्याला हैदराबादला जाऊन गाठते.

शिवांश तुझं नाव घेतल्यावर हात वर करतो. खोटं न्हाई.

साक्षी

*

लातूर
३ नोव्हेंबर

साक्षे,

चार दिवस उत्तर दिलं न्हाई. पयल्या दिशी रागानं पुड्या फेकाय निघालो व्हतो. शिवमूर्तीमामानं हात धरला. "लक्ष्मी हाय ती, गटारात टाकतोस व्हय?" मग खिशातच राहिल्या.

काल ग्राउंड रिकामं व्हतं. रामकिशन एका सायबाची पातळी सात नंबर मागून आणला. म्या हळद लावली जाडीला, कुंकू लावलं पातळीला. कँटीनची बाई बघून म्हणली, कुनाचं लगीन हाय रे? रामकिशनला सांगितलं, तू पल्याड जाऊन उभा राहा, चेंडू पडतील तिथं राहू दे, हात लावू नको. मी मारत गेलो. एक ह्यानं, एक त्यानं.

मग चालत गेलो बघाय. रामकिशन मधोमध उकिडवा बसलेला. मला म्हणला, "इकडं ये, हितं बस, हळदीकुंकवाला बोलावलंय."

लई सांगत न्हाई. पिवळे त्याच्या चौफेर व्हते. लाल हुडकाय आम्हाला दुपार झाली. एक तर अजून न्हाई सापडला. कुनाची म्हैस इकडं न्हाई एवढं नशीब.

तू म्हणलीस तसं काठीचं तोंड बी बघितलं. मधोमध तिनातला एक लागला असंल. सात वर्सं मी सायबांच्या फटक्यावर बोललो, सायब, टोकाला लागला, सायब, बुडाला लागला. माझं मी कधी बघितलंच न्हाई. कारण माझ्या पिशवीला कुनी कॅडी नव्हता.

आता हाय.

अण्णाबद्दल जे बोललो ते वापस घेतो. तुझ्याबद्दल बी.

उद्या खेळ. खेळात काठीला काही लावायचं नसतं, तसा नियम हाय, म्हणून समद्या धुवून पुसून ठेवल्या. पण हळदीची उरलेली पुडी पिशवीच्या खिशात हाय. त्याला नियम न्हाई.

अमरेश

*

लातूर
५ नोव्हेंबर, सांजच्याला

साक्षे गं,

जिंकलो!

हे पयलं लिवलं, आता पुढचं आरामात वाच, उभी असशील तर बस, लेकरू खाली ठेव.

काल पयल्या दिशी बरा खेळलो. आज शेवटच्या होलला, म्हणजे चेंडू घालायच्या शेवटच्या खड्ड्याला, आलो तवा मी अन् वकीलसायब बराबर. शेवटचा होल तळ्याच्या पल्याड हाय. मधी समदं पाणी, पलीकडं गवताचा बारका तुकडा, त्याच्यावर झेंडा. एका फटक्यात पाणी पार करायचं. दोघाच्या हातात सात नंबर. त्यांची पातळ, माझी वरवंटा.

वकीलसायबानं आधी मारला. काय सुंदर झोका! उभं राहणं बघितलंस तर फोटोच काढशील. पण जरासा बुडाला लागला. जरासाच. चेंडू उडाला तो कुशीला वाकला अन् टुबुक.

मग मी. साक्षे, काठी धरून उभा राहिलो. अण्णा दिसायले, तिफण दिसायली, उंबरा दिसायला. मारला अन् मारल्या मारल्या हाताला झिणझिण्या आल्या. म्या समजलो, टोकाला लागला. गेला. मी डोळे झाकून घेतले. रामकिशन माझी पिशवी धरून उभा व्हता, तो ओरडला, "पिवळा हाय! पिवळा हाय!" लोकाला वाटलं येडं लागलं ह्याला, चेंडू तर पांढराच.

डोळे उघडले तर चेंडू पाण्याच्या काठाला, गवतावर. पडला, थांबतो का मागं लवंडतो असं केलं, अन् चार हात पुढं गेला. पातळ्या काठीनं तसाच लागला असता तर आज तळ्यातले बेडूक त्याच्यावर बसले असते.

वकीलसायब मोठ्या मनाचे निघाले. हात मिळवला, माझी काठी पुन्हा हातात घेतली, उलटीपालटी केली. म्हणले, "हे वरवंटे कुठं मिळतात रे?" म्या म्हणलं, माझी बहीण निवडती.

मोठ्या सायबानं समद्यासमोर सांगितलं, जागा तुझी. पेपरवाल्यानं फोटो काढला. पाडव्याच्या सांजेपर्यंत हो म्हणून कळव म्हणले, नसता दुसऱ्याला देतो.

आता जे लिवतो ते शांतपणे घे.

मी हो म्हणणार न्हाई.

इचार केला न्हाई असं न्हाई. पण अण्णाचा शब्द म्हणजे शब्द. पाडव्याला घरी न्हाई आलो तर उंबरा बंद. आईला कधी भेटायचं? तू भाऊबीजेला ताट घेऊन कुनाला ओवाळायचं? लेकरांना शिकवाय ग्राउंड मिळंल, पण शिवांशला मांडीवर घ्याय घर लागतंय. मला फकत बघायचं व्हतं की मला जमतंय का. जमलं. आता तिफण धरली तरी मान खाली घालून न्हाई धरणार.

अण्णाला काही सांगू नको. मी येऊन सांगंन. ग्राउंड दिवाळीला बंद व्हायलंय, म्हणून मी रामकिशनसंगं त्याच्या गावाकडं शिरूर अनंतपाळला जातो. तिथून पाडव्याला सकाळच्या गाडीनं निघतो. गाडीत बसलो की सायबाला न्हाई म्हणून फोन करतो. आधी केला तर माझंच मन फिरंल.

काठ्या घेऊन येतो. खंडेनवमीला मांडीत जाऊ.

तुझा दादा

*

कंधार
१३ नोव्हेंबर, सकाळ

शिवमूर्तीमामा, न्हाईतर गेटवर जे कुनी असाल त्यांना,

मी अमरेशची बहीण साक्षी. तो तिथं न्हाई हे मला ठावं हाय. पाकिटावर सवयीनं त्याचं नाव टाकलंय पण कागद तुमच्यासाठी हाय. आनंदराजभाऊला सांगितलंय, गेटवर जो मानूस दिसंल त्याच्या हाती दे अन् त्याच्याकडून फोडून घे.

मामा, मी अडाणी बाई, थोडक्यात सांगाय येत न्हाई. पण वाचा.

दादानं मला गप बसाय सांगितलं, मी बसले. आठ दिस पोटात ठेवलं. अण्णा रोज वट्ट्यावर बसून रस्त्याकडं बघायचे अन् मी पदराआड तोंड लपवून हसायचे बी अन् रडायचे बी. काल लक्ष्मीपूजन. आमच्या शेजारच्या शरणप्पाकाकाची लेक लातुरात दिलीय, ती दिवाळीला आली. फराळाच्या डब्याला पेपर गुंडाळून आणला. शरणप्पाकाका तो पेपर नाचवतच आमच्या दारात.

"सटवाजी! अय्यो सटवाजी! हा बघ, माझ्या म्हशीला मारणारा! पेपरात आलाय!"

अण्णानं चष्मा लावला. फोटोत दादा, हातात कप, काखेत ती जाडी काठी. अण्णानं खालचं अक्षर अक्षर वाचलं. मग पेपर घडी करून मांडीवर ठेवला अन् मला हाक मारली.

"साक्षे. तुला ठावं व्हतं?"

 लहानपणापासून अण्णाला भ्यायले मी, दादा खोटं न्हाई बोलत. पण म्हणले, हाव अण्णा. अन् एकदा तोंड उघडल्यावर समदंच बाहेर आलं. चेंडू, कुंकू, हळद, डॉक्टरसायबाला बोललेलं खोटं. अण्णा उठले. कोनाड्यातून त्यो लाल डागाचा चेंडू काढला, म्हशीला लागलेला. मला वाटलं व्हतं त्या दिशीच उकिरड्यावर फेकला असंल. त्यांनी ठेवलेला.

"चल," म्हणले, "रान दाखव."

मी लेकरू घेऊन म्होरं, अण्णा मागं, शरणप्पाकाका बोलावलेलं नसताना त्यांच्या मागं. म्या दाखवलं. हितं दादा उभा व्हता. हितं पिवळे, एका घोंगडीत मावतील एवढ्यात. लाल तिकडं, अन् तिकडं, अन् पार तिकडं काकाच्या गोठ्यात.

अण्णा पिवळ्यांच्या जागी जाऊन उभे राहिले. मग म्हणले, "माझ्या बापानं जत्रेतून मला रंगवलेली तिफण आणली व्हती. गावात तशी कुनाकडं नव्हती. पण माझ्या उंचीला बसंना. तास वाकडं जायचं. दोन पेरण्या लोकाला दाखवाय म्हणून तीच धरली म्या. मग गुमान साधी करून घेतली, माझ्या हाताची. ज्याला हत्यार हाताला बघून घेता येतंय तो काम करायलाय. मला वाटलं पोरगा खेळायलाय."

शरणप्पाकाका म्हणले, "पण सटवाजी, काठ्या तर पोरीनं निवडल्या."

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मी शिवांशला घट्ट धरलं. अन् मामा, माझे अण्णा हसले! दसऱ्यापासून पयल्यांदा. म्हणले, "मग नोकरी हिलाच द्याया पायजे व्हती."

तवा म्या शेवटचं बी सांगून टाकलं. की त्यो न्हाई म्हणणार हाय. की तुमच्या शब्दापायी पाडव्याला यायलाय, कायमचा.

अण्णाचं हसू गेलं. "येडा हाय का त्यो," म्हणले. "म्या शब्द दिला व्हता तो टवाळ पोराला. ह्या पोराला न्हाई." अन् खिशातून मोबाईल काढून तिथंच रानात उभं राहून नंबर लावला. जुना नंबर. बंद. पुन्हा लावला. बंद. चारदा लावला. मग मोबाईल माझ्याकडं केला, बारक्या लेकरासारखा. "साक्षे, नवा काय हाय गं?"

कुनाकडंच न्हाई मामा, रामकिशनचा बी न्हाई. डॉक्टरसायबाला फोन केला, त्यांच्याकडं बी जुनाच. फकत तुमच्याकडं हाय.

काल पूजेला अण्णानं लक्ष्मीपुढं तो चेंडू ठेवला. आईनं त्याच्यावर आधी हळद वाहिली, मग कुंकू. शरणप्पाकाकाच्या घरून दूध आलं, मोठा तांब्या भरून. म्हैस बी राजी झाली म्हणायची.

तर आता काय करायचं ते नीट ऐका. तो शिरूर अनंतपाळला रामकिशनच्या घरी हाय. उद्या पाडवा. सकाळी गाडीत बसला की सायबाला न्हाई म्हणंल अन् मग काही उपेग न्हाई. तो गाडीत बसायच्या आत त्याला गाठायचं. तुमी असा, कँटीनच्या मावशी असा, झाडांना पाणी घालणारे असा, वकीलसायब असा, जे कुनी हे वाचायलंय त्याला मी लेकराच्या हातानं हात जोडते.

त्याला म्हणा, अण्णानं सांगितलंय, पाडव्याला येऊ नको. सायबाला हो म्हण, नोकरीवर हजर हो, खोलीची किल्ली घे. बुधवारी भाऊबीजेला ये, काठ्या घेऊन ये, ओवाळून घे अन् वापस जा. उंबरा उघडाच हाय. शेत अण्णा अन् शरणप्पाकाका मिळून बघतेत. अन् म्हणा, साक्षीनं अण्णाला समदं सांगितलं, भ्याली न्हाई.

त्यानं इस्वास न्हाई ठेवला तर म्हणा, म्हशीला लागलेला चेंडू अण्णानं देव्हाऱ्यात ठेवलाय. मग पटंल.

नंबर तुमच्याकडं हाय. हातातलं काम राहू द्या, आधी माझ्या भावाला फोन लावा.